डायवर ठेवलेला हात

गुरुवारी दुपारी सव्वादोनला रविराजच्या हाती किलवर सत्ती आणि चौकट दुर्री आली, आणि मोबाइलवरच्या पोकरच्या टेबलावर सगळ्यांत आधी बोलायची पाळी नेमकी त्याचीच होती. बावन्न पानांत याहून भिकार जोडी नाही. शहाण्या माणसानं ती टाकावी आणि पाणी प्यायला उठावं. रविराज उठला नाही. त्यानं कमीत कमी लागतात तेवढे गुण आत सरकवले आणि मोबाइल मांडीवर ठेवून गप्प बसला. चाकणच्या त्याच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे थेरगावच्या त्या दोन खोल्यांत गुरुवारची दुपार ही त्याची हक्काची. बायको योगिनी आतल्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत होती. पैशाच्या खेळावर बंदी आली तेव्हा तिला वाटलं होतं, सुटलो आपण. पण ॲपवर नुसते गुण राहिले तरी हा खेळतच राहिला, आणि मग तिला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली. पैशासाठी खेळणारा माणूस तिला कळत होता. हा कशासाठी खेळतो ते कळत नव्हतं, आणि विचारलं की तो म्हणायचा, टाइमपास. टाइमपास नव्हता तो. एखाद्याला देवळात जाऊन यावंसं वाटतं तसं त्याला तिथं जाऊन यावंसं वाटे, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

स्पर्धेतल्या चारशे जणांतले एकेचाळीस उरले होते. रविराजची युक्ती एकच होती, आणि ती त्याला कुणी शिकवलेली नव्हती. पहिल्या पाळीच्या माणसानं नुसतं सामील व्हायचं, वाढवायचं नाही. मागच्यांना वाटतं, भित्रा दिसतोय. मग त्यांतला एखादा फुशारतो आणि बोली वाढवतो. फिरून पाळी आपल्याकडे आली की आपण त्याच्या तिप्पट करायचं, एका दमात, काही न बोलता. अशा वेळी समोरचा आपली पानं पुन्हा उचलून बघतो. जो माणूस सगळ्यांच्या आधी बसलाय, जो आत्तापर्यंत मुकाट होता, तो एकदम एवढं बोलतो म्हणजे त्यानं एक्क्यांची जोडी दाबून धरलेली असणार. नसतेच एक्के. दहातल्या आठ वेळा रविराजकडे कचरा असायचा. पण पानं कुणाला बघायचीत? लोक माणसाच्या गप्प बसण्यावर आणि मग बोलण्यावर विश्वास ठेवतात. आजही तसंच झालं. सहाव्या जागेवरच्या कुणा अनोळखी खेळाडूनं वाढवलं, रविराजनं तिप्पट केलं. त्या माणसानं दिलेले तीस सेकंद पुरेपूर वापरले आणि शेवटच्या क्षणी पानं टाकली. टाकताना सगळ्यांना दाखवली सुद्धा. दोन राण्या होत्या. खाली त्यानं लिहिलं, “एक्के होते ना भाऊ? मला माहीत होतं.”

ते वाचलं आणि रविराजच्या जिभेखाली नेहमी येते ती गोडी आलीच नाही. त्या तीस सेकंदांत त्याला कंपनीत त्याच्या हाताखाली असलेल्या शालनबाईचा चेहरा दिसला होता. मंगळवारी सकाळी दहा वाजता तिनंही असाच वेळ घेतला होता, आधी त्याच्या हाताकडे बघत, मग तोंडाकडे. आणि मग ती स्टुलावर बसली होती. त्यानं मोबाइल पालथा घातला. लगेच तो वाजला. कंपनीतल्या कामगारांचं सगळं बघणारा धनेश बोलत होता. “रविराज, पिंपरीला हॉस्पिटलमध्ये जाऊन ये बाबा. पाच वाजता मी फॉर्म घेऊन येतोय बाईचा जबाब घ्यायला. तू आधी जाऊन बस जरा, बरं दिसतं. उद्या फर्स्ट शिफ्टला ते मशीन चालू करायचंय. अनिताला बसवतोय त्याच्यावर.” रविराज हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला कळलं की आपण हो म्हणालो.

पिंपरीला जाताना डांगे चौकात सिग्नलला तो नको तितका वेळ उभा राहिला, मागचे हॉर्न मारायला लागले. त्याला आपला बाप आठवत होता. बाप, दादासाहेब, भूमकडून आलेला, साऱ्या आयुष्यात कुणी त्याला दादासाहेब म्हणून हाक मारली नाही. नळावर, रेशनच्या दुकानात, शाळेत रविराजचा दाखला काढताना, जिथं तिथं तो सगळ्यांत आधी ओरडायचा. खरं असायचं त्याचं. पाणी चोरलं जायचं, रेशन मापात कमी पडायचं, दाखला उगीच अडवलेला असायचा. पण आधी ओरडणाऱ्याचं खरं कोण ऐकतो? लोक हसायचे. आणि ज्यांच्या चाळीत ते राहत ते कोंडीराम, मूळचे गावचे, बाजेवर बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. दाढी खाजवायचे. सगळे दमले की एक वाक्य बोलायचे आणि उठून जायचे, आणि ते वाक्य कायदा व्हायचं. रविराज आठ-नऊ वर्षांचा असेल. ओसरीच्या खांबाला टेकून तो हे बघायचा, आणि बापाची लाज त्याच्या कानशिलांत तापायची. त्यानं तेव्हाच ठरवलं की आपण कोंडीरामसारखं बोलायचं. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नाही, किंवा आली आणि त्यानं ती बाजूला सारली. कोंडीरामच्या गप्प बसण्यामागं बारा एकर जमीन होती. यानं नुसतं गप्प बसणं उचललं.

आणि ते चाललं, हेच तर वाईट झालं. डिप्लोमा झाल्यावर मुलाखतीत चाललं, सोयरिकीच्या बैठकीत चाललं, कंपनीत तर फारच चाललं. तीन वर्षांत तो प्रेस शॉपचा सुपरवायझर झाला. त्याच्या हाताखाली सहा बायका सहा प्रेस चालवत. काम साधं. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, पेडल दाबायचं, वरून दाब येतो, पत्र्याची पट्टी वाकून तयार होते, दाब वर जातो, हातानं पीस काढायचा आणि पुढचा पत्रा ठेवायचा. दिवसाला बाराशे वेळा. मशीनला सेन्सर होता, हात आत असला तर दाब अडवणारा. पण त्यानं काम हळू होतं म्हणून तो कधीचाच बंद करून ठेवलेला होता, रविराज यायच्याही आधीपासून. मशीन तपासल्याचा तक्ता भिंतीवर लटकत असे, आणि त्यावर आठवड्याच्या सगळ्या खुणा शुक्रवारी सकाळी एकदमच होत. यात कुणाला काही गैर वाटत नसे. त्यालाही वाटलं नव्हतं.

मागच्या शनिवारी शालनबाई त्याच्याकडे आली होती. जालन्याकडची बाई, चाळिशीची, कामात वाकबगार, बोलण्यात कमी. म्हणाली, “साहेब, तीन नंबर डबल मारायलंय. एकदा दाबलं की कधी कधी दोनदा येतंय खाली.” तो म्हणाला, बघतो. रविवारीही तिनं सांगितलं, सोमवारीही. दोन्ही वेळा तो म्हणाला, बघतो. बघायचं म्हणजे बाहेरचा फिटर बोलवायचा, मशीन दिवसभर उघडून ठेवायचं, आणि माल न्यायला आलेली गाडी गेटवर उभी. म्हणून तो गप्प बसला. मंगळवारी दहा वाजता ती स्टुलावरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “मी न्हाई बसणार यावर.” बाकीच्या पाच बायकांनी हात थांबवले. मग तो चालत तीन नंबरकडे गेला. मोटर चालू होती, मोठं चाक गरगर फिरत होतं. काही न बोलता त्यानं बाही वर केली आणि उजवा हात पालथा डायवर ठेवला, दाबाच्या बरोबर खाली. मनात बारापर्यंत आकडे मोजले. एका बाईनं “अगं आई” म्हणून तोंडाला पदर लावला. मग हात काढून तो हळू आवाजात म्हणाला, “मी तपासलंय. आता ज्याला बसायचं नसेल त्यानं गेटवर जायचं.”

तपासलं काही नव्हतं. आणि हात ठेवण्यात काही शौर्यही नव्हतं, हे त्या शॉपमध्ये एकट्या त्याला ठाऊक होतं. ते मशीन डबल मारत होतं ते एकदा मारल्यानंतर. पेडल दाबलं, दाब आला, वर गेला, की मग कधीतरी तो न बोलावता परत यायचा. पेडलला कुणी हातपाय न लावता, नुसती मोटर फिरत असताना, त्या डायवर हात ठेवून कुणी झोपलं असतं तरी काही झालं नसतं. बायकांना फिरतं चाक दिसलं आणि त्याखाली साहेबाचा हात दिसला. शालनबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि तिथं तिला जे हवं होतं ते मिळालं. ती बसली. दहा वाजल्यापासून पुढची चाळीस मिनिटं रविराज सुखात होता. हे तो कुणापाशी कबूल करणार नव्हता, पण होता. केबिनमध्ये बसून चहा पिताना जिभेखाली ती गोडी होती. सहा जणींनी विश्वास ठेवला होता. पुराव्याशिवाय, पानं न बघता. दहा चाळीसला तिची किंकाळी ऐकू आली तेव्हा कप त्याच्या हातात होता, आणि पहिली गोष्ट त्यानं केली ती म्हणजे कप नीट बशीत ठेवला. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. ती त्यानंच पिशवीत घालून बर्फात ठेवली. ती लावता येण्यासारखी नव्हती, चेंदामेंदा झाला होता.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात शालनबाईचा नवरा चिमाजी बाकावर बसला होता. रखवालदाराचा निळा शर्ट अंगात तसाच. रविराजला वाटलं होतं, हा गचांडी धरेल. किंबहुना रस्ताभर तो त्याचीच वाट बघत आला होता. चिमाजी झटकन उठला, बाक रुमालानं पुसला आणि शेजारी बसलेल्या दोघा पाहुण्यांना म्हणाला, “हेच ते साहेब. आमच्या हिच्या आधी सवताचा हात घातला मशीनीत. असा साहेब मिळत नसतो.” पाहुण्यांनी नमस्कार केला. चिमाजी चहा आणायला धावला. रविराज त्या पुसलेल्या बाकावर बसला नाही. व्हरांड्याच्या टोकाला कुणाचं तरी तान्हं सारखं रडत होतं, आणि एक बाई त्याला “झालं, झालं” म्हणत होती. काहीच झालेलं नसताना ती झालं झालं का म्हणते आहे असं त्याला वाटत राहिलं.

आत शालनबाई उशीला टेकून बसली होती. उजव्या हाताचं बँडेज केवढं तरी मोठं. तिनं त्याला पाहून डाव्या हातानं पदर सावरला. “कामून आलात साहेब एवढ्या उन्हाचं?”

“बरं वाटतंय का?”

“ठणकतंय. बोटं न्हाईत, पण बोटंच ठणकतात बघा.” ती जराशी हसली. “माझंच ध्यान नव्हतं. पोरीला ताप होता घरी, मन तिकडं होतं. तुमी येवढं दाखवून दिलं, तरी माझा हात भलतीकडं गेला.”

म्हणजे दोन दिवसांत तिनं आपल्यापुरता हिशेब लावून टाकला होता. धनेशला काही करावंच लागणार नव्हतं. रविराज स्टूल ओढून बसला. बाप म्हणायचा, खरं बोलायला हिंमत लागत नाही, फक्त गळा लागतो. बापाचं कुणी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, “शालनबाई, मी तपासलं नव्हतं.”

तिनं डाव्या हातानं बँडेज मांडीवर सावरून घेतलं.

“शनिवारपासून तुम्ही सांगत होता, मी काही केलं नाही. फिटर बोलावला नाही. मशीन खराब आहे. तुमची काही चूक नाही. पाचला धनेश येईल, त्याला हेच सांगा. नाहीतर उद्या तिथं अनिता बसणार आहे.”

“मशीन वाईट असतं तर तुमचा हात राहिला असता का?”

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. पेडल कधी, दाब कधी, दुसरा दाब कशामुळे, नुसता हात ठेवल्यानं काही होत नाही ते कसं. हातवारे करून सांगितलं, एका तळव्याची डाय केली, दुसऱ्याचा दाब. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, बापासारखा चढला, बाजूच्या कॉटवरची म्हातारी उठून बघायला लागली. शालनबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डावा हात पुढं करून तिनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

“साहेब, तुमाला लई लागलंय मनाला. मला कळतंय. पण माझ्यापायी सवताच्या नोकरीवर पाणी सोडू नका. तुमालाबी संसार हाय.”

“मी खोटं बोललो होतो हो!”

“असं कुणी खोटं बोलतं व्हय? हात घालून?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याच्यासाठी होतं. चिमाजी चहा घेऊन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, “साहेबांना बाहेर वाऱ्यावर बसवा. त्यांना सहन होईना.”

धनेश पाचला आला. जबाब दहा मिनिटांत आटोपला. माझे लक्ष नसल्यामुळे, असं त्यात होतं. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, आणि चिमाजीनं तिचा अंगठा आपल्या रुमालानं पुसला. जिन्यात रविराजनं धनेशला सगळं सांगितलं. धनेशनं ऐकलं, इकडंतिकडं पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. “भावा, मेंटेनन्सवाल्यानं काल अर्धा तास चालवलं तीन नंबर. एकदाही डबल नाही. रक्त बघितलं की असं होतं माणसाचं. मालकांनी मीटिंगमध्ये तुझं नाव घेतलं, माहितेय? सुपरवायझर असावा तर असा, म्हणाले.” मग दोन पायऱ्या उतरून मागं वळून म्हणाला, “अनिता जरा घाबरलीये. उद्या तिच्यासमोर एकदा हात ठेवून दाखव, राव. तुझं ऐकतील त्या.”

घरी योगिनीनं विचारलं, कशी आहे बाई? तो म्हणाला, बरी आहे. ती म्हणाली, “आणि तुम्ही?” तो टॉवेल घेऊन मोरीत गेला. आंघोळ करून तो बराच वेळ मोरीतच बसून राहिला. आपला उजवा हात त्यानं उलटसुलट करून पाहिला. अंगठीचा पांढरा वळ होता, अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याची खूण. त्या हाताचा त्याला तिटकारा आला. सकाळी तीन नंबरचा मेन स्विच पाडून त्याची चावी खिशात घालावी असंही मनात आलं. पण दुपारपर्यंत धनेश दुसरा सुपरवायझर आणून उभा करेल आणि त्याला चावी द्यावीच लागेल. शिवाय नोकरी त्याला हवी होती, हेही खरं. कितीही वाईट वाटलं तरी ते खरंच होतं, आणि त्यामुळे आणखी वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी सातला बायका तीन नंबरभोवती उभ्या होत्या. डाय कुणीतरी घासूनपुसून तिला हळदीकुंकू वाहिलं होतं, चाकाच्या जाळीला झेंडूचं फूल खोचलं होतं. अनिता चाकणजवळच्याच एका वाडीतली, लग्नाला वर्ष झालेलं, हातात हिरव्या बांगड्या. धनेश काचेआडून बघत होता. रविराजनं हात ठेवला नाही. तो स्टुलावर बसला. पत्रा ठेवला, पेडल दाबलं. दाब आला, गेला. पीस काढला, दुसरा पत्रा ठेवला. साहेब काम करतायत बघून बायकांना गंमत वाटली, एकीनं टाळीसुद्धा वाजवली. त्याला वाटलं होतं, शंभरात एकदा तरी डबल मारेल. त्यांच्या डोळ्यांदेखत मारेल, आणि मग कुणाला सांगावं लागणार नाही. शंभर झाले. दोनशे झाले. पीस तो चिमट्यानं काढत होता. मग त्यानं चिमटा खाली टाकला आणि हातानं काढायला लागला. बायका आपापल्या मशीनवर गेल्या. दाब यायचा, जायचा, हात आत जायचा, बाहेर यायचा. घाम डोळ्यांत उतरला, पोटरीत गोळे आले. तो उठेना. चारशेच्या पुढं कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय. ये, असं तो मनात म्हणत होता. पीस काढताना तो मुद्दाम हात एक क्षण जास्त ठेवत होता, आणि मग आणखी एक क्षण. ये. एवढं घे आणि मोकळं कर. तसं झालं असतं तर तो ओरडला असता आणि सगळ्यांनी ऐकलं असतं. पण मशीन इतकं शहाण्यासारखं कधीच चाललं नव्हतं.

अकराला जेवणाची सुट्टी झाली. तो उठला. सातशे चाळीस पीस पेटीत पडले होते, एकसारखे, एकही वाकडा नाही. हाताला साधा ओरखडा नव्हता. अनिता लवकर जेवून परत आली, डोक्याला टोपी बांधली, ओल्या फडक्यानं स्टूल पुसलं.

“अनिता, बसू नकोस,” तो म्हणाला. “मशीन खराब आहे. खरंच सांगतो. कधीही डबल मारेल.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हसली. चेष्टा करतायत असं तिला वाटलं असावं. “आवं साहेब, तुमीच तर सकाळधरनं चालवलं. मी बघत व्हते की. हातानं काढत व्हता तुमी.”

“ते मी...”

“माझी भीतीच गेली बघा. आता सरका, टार्गेट ऱ्हायलंय माझं.”

ती बसली. बांगड्या मागं सारून तिनं पत्रा ठेवला आणि पेडलवर पाय दिला. दाब खाली आला, वर गेला. तिचा हात आत गेला. पीस घेऊन बाहेर आला. तिनं दुसरा पत्रा उचलला.